पाठीवरचा व्रण आणि डॉक्टर नोएल ब्राउन

(डब्लिनमध्ये मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी,

आयर्लंडच्या एखाद्या राजकीय नेत्यावर बोला, असं कार्यकारिणीनं सुचवलं, तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं असणार की मी लिओ वराडकरांवर बोलेन. साहजिक आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर, त्यांचा मुलगा २०१७ साली या देशाचा टीशक, म्हणजे पंतप्रधान झाला. त्या दिवशी गावाकडून आलेले फोन मला अजून आठवतात. त्यांचं नाव माझ्या बोलण्यात येईलच, पण शेवटी. आज मला सांगायचंय ते डॉक्टर नोएल ब्राउन यांच्याविषयी. आपल्यातल्या फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल, आणि इथे लेकरं वाढवणाऱ्या आपण सगळ्यांनी ते ऐकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मला ते नाव एका पेशंटकडून कळलं. २००३ साली मी मिरजेहून इथे नर्स म्हणून आले. पहिल्याच हिवाळ्यात आमच्या वॉर्डात पंचाहत्तरीच्या एक आजी होत्या. अंग पुसायला त्यांचा गाऊन उतरवला, तर डाव्या खांद्याखाली पाठ खोल आत गेलेली, आणि कण्याजवळून काखेकडे वळलेला वीतभर लांब व्रण. मी शिकलेली होते, पण प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा सडलेलं फुप्फुस दाबून स्वस्थ ठेवण्यासाठी बरगड्याच कापून काढायचे. मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "मुलांना सांगितलंय, लहानपणी घोड्यावरून पडले."

पन्नास वर्षं त्यांनी हे पोटच्या मुलांना सांगितलं होतं.

माझी थोरली मावशी वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होती. सांगली-मिरजेकडच्या मंडळींना ती जागा ठाऊक आहे. पण आमच्या घरात कधी कुणी क्षय हा शब्द उच्चारला नाही. "ती तेव्हा हवापालटाला गेली होती," एवढंच. कारण कळलं असतं तर धाकट्या बहिणींची लग्नं अडली असती. आजींचं ते घोड्याचं वाक्य ऐकलं आणि मला आईचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. मी त्यांना मावशीचं सांगितलं. मग त्या बोलत्या झाल्या. खाट मिळेपर्यंत घरीच झोपून होते, म्हणाल्या. मग ब्राउन मंत्री झाला आणि खाट मिळाली.

ब्राउन कोण, हे शोधायला मी घरी जाऊन बसले ती रात्रभर वाचत राहिले.

२० डिसेंबर १९१५ला वॉटरफर्डमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेत निरीक्षक होते, नोकरीपायी घर डेरीला गेलं, मग ॲथलोनला. तिथे वडील क्षयानं गेले. पदरी मुलं आणि स्वतःला तोच आजार जडलेला, अशा अवस्थेत आईनं घरातलं सामानसुमान विकलं आणि मुलांना घेऊन ती लंडनला गेली. मोठी मुलगी तिकडे कामाला होती, ती धाकट्यांना सांभाळेल, एवढीच आशा. तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत आईनंही प्राण सोडला. ती मोठी बहीण आयलीन, जिनं आईमागे भावंडांचं केलं, ती पुढे क्षयानंच गेली.

नोएल वाचले ते परक्यांच्या चांगुलपणामुळे. इंग्लंडमधल्या एका शाळेनं त्यांना फुकट ठेवून घेतलं. पुढे बोमाँट या जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या, शाळेत त्यांची डब्लिनच्या चान्स कुटुंबातल्या मुलाशी मैत्री झाली. ते डॉक्टरांचं श्रीमंत घर. त्यांनी या पोरक्या मुलाला आपलं मानलं आणि ट्रिनिटी कॉलेजात त्याच्या डॉक्टरकीचा खर्च उचलला. शिकत असतानाच, १९४०मध्ये, नोएलनाही क्षयानं गाठलं. मित्रांमुळे इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या उत्तम सॅनिटोरियममध्ये उपचार मिळाले. आपण बरे झालो ते पैशांमुळे, आणि आई-वडील गेले ते पैसा नव्हता म्हणून, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. त्यांच्या पुढच्या सगळ्या वागण्याचं मूळ मला इथे दिसतं, चांगल्याही आणि अवघडही.

पुढे ते विक्लोमधल्या न्यूकॅसल सॅनिटोरियममध्ये डॉक्टर म्हणून काम करू लागले. तेव्हा या चिमुकल्या देशात वर्षाला तीन हजारांवर माणसं क्षयानं मरत होती, त्यात तरुण फार. खाटा अपुऱ्या. रोगी घरीच खोकत पडे, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या भावंडांना लागण होई. औषधोपचाराइतकीच खाटेचीही गरज होती, आणि खाटा सरकारच देऊ शकणार होतं. म्हणून हा डॉक्टर राजकारणात उतरला. शॉन मॅकब्राइड यांनी १९४६मध्ये काढलेल्या 'क्लान ना पोब्लख्ता' या नव्या पक्षात ते गेले. फेब्रुवारी १९४८च्या निवडणुकीत निवडून आले आणि डॉलमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, पाऊल ठेवलं त्याच दिवशी आरोग्यमंत्री झाले. वय बत्तीस.

त्यांनी काय केलं ते ऐका. इथे तेव्हा इस्पितळांसाठी एक मोठी लॉटरी चाले, घोड्यांच्या शर्यतींवरची. तिची तिकिटं इंग्लंड-अमेरिकेत चोरून विकली जात. तिचा पैसा गुंतवून ठेवलेला होता आणि येणाऱ्या व्याजात भागवायचं असा रिवाज होता. ब्राउन म्हणाले, माणसं आज मरताहेत, मुद्दल ठेवून कुणासाठी ठेवायचं? त्यांनी मुद्दलालाच हात घातला. नवी सॅनिटोरियमं पुरी व्हायला वेळ लागणार होता, म्हणून हाती असलेल्या इमारतींत वॉर्ड उभे केले, आणि दोन-अडीच वर्षांत क्षयरोग्यांसाठी सुमारे दोन हजार खाटा वाढवल्या. त्यातल्या एकीवर माझ्या वॉर्डातल्या त्या आजी होत्या.

सगळं श्रेय एकट्या ब्राउन यांना देणं बरोबर नाही. आराखडा आधीच्या सरकारच्या काळात डॉ. जेम्स डीनी या आरोग्य सल्लागारांनी आखून ठेवला होता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध नेमकं त्याच सुमारास हाताशी आलं. आणि बीसीजीची, म्हणजे क्षयाविरुद्धची, लस या देशात आणण्यासाठी डॉ. डोरोथी प्राइस या बाई आधीपासून झटत होत्या. १९४९मध्ये राष्ट्रीय बीसीजी समिती झाली, तिच्या अध्यक्षपदी ब्राउन यांनी त्यांनाच बसवलं. पण आराखडा कपाटात असणं आणि वॉर्डात खाट असणं यांत केवढं अंतर आहे, ते इस्पितळात काम करणाऱ्याला विचारा. ते अंतर या माणसानं तोडलं. आणि ज्या आजाराचं नाव घरात कुणी घेत नव्हतं, त्याविषयी सरकार उघड बोलू लागलं.

आता दुसरी गोष्ट, ज्यासाठी इथले जुने लोक त्यांना ओळखतात.

ब्राउन यांनी माता-बालक योजना आणली. बाळंतपणाची सगळी काळजी फुकट, आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना डॉक्टर फुकट. उत्पन्नाची अट नाही, दाखला नाही, कुणापुढे गरिबी सिद्ध करायची नाही. १९४७च्या आरोग्य कायद्यातच तिची तरतूद होती. दोन बाजूंनी विरोध झाला. डॉक्टरांच्या संघटनेला खासगी प्रॅक्टिस बुडण्याची भीती. आणि कॅथलिक चर्च. मुलांच्या आरोग्याची जबाबदारी आई-बापांची, सरकारनं त्यात शिरू नये, आणि सरकारी डॉक्टर बायकांना संततिनियमन शिकवतील, असा बिशपांचा आक्षेप होता. ऑक्टोबर १९५०मध्ये डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांनी ब्राउन यांना आपल्या निवासस्थानी बोलावून घेतलं. बाहेर पडताना ब्राउन यांची समजूत अशी की आपण त्यांचं समाधान केलं. बिशपांची समजूत अगदी उलट.

या देशात तेव्हा आर्चबिशपांचा शब्द काय होता, हे आज इथे नव्यानं आलेल्यांना खरं वाटणार नाही. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये १९४८पासून अशीच सेवा सगळ्यांना मिळत होती, तिथल्या कॅथलिकांनाही, आणि त्यात तिथे कुणाला पाप दिसत नव्हतं. ब्राउन हेच विचारत राहिले. उत्तर आलं नाही. पंतप्रधान कॉस्टेलो आणि सारं मंत्रिमंडळ बिशपांच्या बाजूला गेलं. खुद्द त्यांच्या पक्षाचे नेते मॅकब्राइड, ज्यांना पुढे १९७४मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, त्यांनीच राजीनामा मागितला. ११ एप्रिल १९५१ला ब्राउन यांनी तो दिला.

आणि मग त्यांनी जे केलं, ते माझ्या मते खाटांइतकंच मोठं आहे. बिशप, पंतप्रधान आणि आपण, यांच्यात झालेला पत्रव्यवहार त्यांनी वर्तमानपत्रांना दिला. दुसऱ्या दिवशी आयरिश टाइम्समध्ये तो छापून आला. देशाचे निर्णय बंद दाराआड कोण घेतं, हे सामान्य माणसानं प्रथमच सकाळच्या चहाबरोबर वाचलं. महिन्या-दीड महिन्यात निवडणूक झाली. क्लान ना पोब्लख्ताच्या दहा जागांच्या दोन झाल्या. ब्राउन अपक्ष म्हणून निवडून आले. योजना मात्र गेली. १९५३मध्ये पुढच्या सरकारनं तिचा काही भाग आणला, उत्पन्नाची अट घालून.

तडजोड त्यांना जमत नसे, हे खरं आहे. डॉक्टरांशी नीट बसून बोलले असते, सहकाऱ्यांना विश्वासात घेतलं असतं, तर योजना कदाचित तगली असती. मंत्रिमंडळाची संमती पुरती न घेता त्यांनी ती जाहीर केली, ही चूकच. पुढच्या तीस वर्षांत ते फिआना फॉल या पक्षात गेले, बाहेर पडले, १९५८मध्ये जॅक मॅक्विलन यांच्याबरोबर स्वतःचा छोटा पक्ष काढला, मग लेबर पक्ष, मग त्याच्याही बाहेर. १९८२मध्ये त्यांनी डॉल सोडली. १९९०च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी लेबरमधल्या काहींना तेच हवे होते, पक्षानं मेरी रॉबिन्सन यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. शेवटची वर्षं त्यांनी पत्नी फिलिस यांच्यासह कॉनेमाराच्या किनाऱ्यावर काढली. मे १९९७मध्ये ते गेले. ज्याला लहानपणापासून थांबणं म्हणजे माणूस गमावणं असंच दिसलं, त्याला धीर धरायला कोण शिकवणार? त्यांचा हट्ट मला समजतो.

आता वराडकर. तेही ट्रिनिटीचे डॉक्टर. त्यांच्या आईचं गाव डंगार्वन, वॉटरफर्ड काउंटीतलं, म्हणजे ब्राउन जन्मले त्याच मुलखातलं. जुलै २०१५मध्ये सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, आई-बापांची मिळकत न विचारता, जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, फुकट मिळू लागला. तेव्हा आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर. ब्राउन यांच्या राजीनाम्याला चौसष्ट वर्षं झाली होती. आता ही मर्यादा आठ वर्षांखाली आहे, सोळावर ती अजून पोचलेली नाही.

माझी धाकटी २०१६ची. दिवस गेले तेव्हा जीपीकडे एक अर्ज भरला आणि पुढची तपासणी, बाळंतपण, सगळं फुकट झालं. तुमच्यापैकी किती जणींनी तो अर्ज भरलाय, मला माहीत आहे. माझ्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे, तुमच्याही असेल. धाकटीच्या दंडावर नाही. २०१५पासून इथे ती लस सरसकट दिली जात नाही.

आजींचं सांगायचं राहिलं. घरी सोडायच्या दिवशी त्यांची मुलगी न्यायला आली, ती स्वतः पन्नाशीची. गाऊन काढून ब्लाऊज घालताना मी सवयीनं पडदा ओढायला गेले. आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "राहू दे. तिला बघू दे."