पिशवी कोण वाचणार?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘फॅमिली मेडिसिनचं शिक्षण’, म्हणजे अख्ख्या घराला पाहणारा डॉक्टर घडवायचं शिक्षण. त्याकडे येणारच आहे. पण आधी गोळ्यांच्या एका पिशवीबद्दल बोलू द्या. इथल्या निम्म्या घरांत ती फ्रिजवर ठेवलेली असणार. हसताय म्हणजे आहेच!

गेल्या पावसाळ्यात एका आजींना त्यांची सून घेऊन आली. आजी असंबद्ध बोलतात, दिवस-रात्र कळत नाही, दोनदा न्हाणीघरात पडल्या. मेंदूचा एमआरआय झालेला, त्यात वयोमानापलीकडे काही नाही. घरात ‘डिमेन्शिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा शब्द सुरू झाला होता. मी म्हटलं, गोळ्यांची पिशवी आणलीय का? आणली होती. टेबलावर ओतली.

त्यात रक्तदाबाची ॲम्लोडिपिन दोन नावांनी होती, दोन कंपन्यांची. एक हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलेली, दुसरी मधुमेहाच्या डॉक्टरांनी. आजी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. या औषधानं काहींचे पाय सुजतात, डोस वाढला की जास्तच. आजींचे सुजले. सूज पाहून तिसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी, थायझाइड गटातली गोळी दिली. म्हाताऱ्या माणसांत तिनं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सोडियम उतरलं की माणूस गोंधळतो, तोल जातो. तपासलं तर 118. ते 135 च्या वर हवं. लगेच दाखल केलं, कारण ते सावकाश, मोजून-मापून वर आणावं लागतं. घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. गोळी बंद झाली, सोडियम सावरलं, आणि पुढच्या भेटीत आजींनी मला विचारलं, “तुमच्या धाकटीचं जमलं का कुठं?” डिमेन्शिया संपला!

या तिघांपैकी एकाचंही निदान चुकीचं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. मला तज्ज्ञांबद्दल आदर आहे, रोज त्यांच्याकडे चिठ्ठ्या देतो. पण अख्खी पिशवी वाचणं हे कुणाचंच काम नव्हतं. पाय सुजले ते नवी गोळी सुरू झाल्यावर, हे त्या घरात वर्षानुवर्षं येणं-जाणं असलेल्यालाच पटकन जुळवता येतं. आणि पिशवी वाचायला अर्धा तास लागतो, त्या अर्ध्या तासाचं बिल कुठल्या नावानं करायचं ते मला कुणी सांगावं. आमची हुशार मुलं या वाटेला येत नाहीत याचं एक कारण तेच आहे, आणि मला त्याचा राग येतो.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, आता छापलेला विषय.

1961 साली केर व्हाइट या संशोधक डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला. हजार प्रौढांपैकी महिन्याभरात 750 जणांना काही ना काही दुखणं होतं, 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 रुग्णालयात दाखल होतात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचतो एक. आपल्या सरकारी ओपीडीची गर्दी वेगळी, हे मान्य. पण तिथं शिकवणारे बहुतेक जण एकेका शाखेचे तज्ज्ञ. उरलेल्या साडेसातशेंचं वैद्यक शिकवायला बहुतेक महाविद्यालयांत फॅमिली मेडिसिनचा विभागच नाही. मग एमबीबीएस झालेल्या मुलाला दवाखाना म्हणजे पोस्टग्रॅज्युएशन न मिळाल्याची शिक्षा वाटते.

दुसरा आकडा नॉर्वेचा, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला. एकाच फॅमिली डॉक्टरकडे 15 वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांत, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, तातडीनं रुग्णालयात दाखल व्हायची शक्यता 28 टक्के कमी आणि मृत्यूची 25 टक्के कमी आढळली. एखाद्या गोळीनं हे केलं असतं तर ती प्रत्येक पिशवीत असती.

म्हणून मागणी एकच: प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात स्वतंत्र विभाग, आणि शिकवायला दवाखाना चालवणारे डॉक्टर. पुढच्या रांगेत इंटर्न बसलेत, त्यांच्यासाठी: डीएनबी फॅमिली मेडिसिन, म्हणजे एमबीबीएसनंतरचं या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण, तीन वर्षांचं आहे, प्रवेश नीट-पीजी या प्रवेश परीक्षेमधूनच. फॉर्म भरताना तो पर्याय शेवटी टाकू नका. कसा अभ्यास करायचा, कुठं जागा बघायच्या, हे मी खाली जिन्यापाशी सांगतो. हॉल आत्ता रिकामा करायचाय.