डेलियाचा कंद दुसऱ्याला देण्याआधी

नमस्कार मंडळी. डेलियासाठी कुंडी केवढी घ्यावी, माती कशी भरावी, शेंडा केव्हा खुडावा, याची माहिती आता बहुतेकांना असते. आज आपण त्याच्या पुढचा प्रश्न घेणार आहोत. आपल्याकडे चांगला फुललेला डेलिया शेजाऱ्यांना, नणंदेला किंवा बागेच्या छंदातल्या मित्राला द्यायचा झाला, तर नेमके काय द्यावे, केव्हा द्यावे आणि काय मुळीच देऊ नये?

माझे मत आधीच सांगून टाकते. महाराष्ट्राच्या हवेत डेलियाची एखादी जात वर्षानुवर्षे टिकवायची असेल, तर ती दोन-तीन घरी देऊन ठेवण्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग नाही. आपला कंद पावसाळ्यात कुजला, तरी ज्याला दिला त्याच्याकडून तीच जात परत मागता येते. मात्र हे देणे डोळसपणे झाले नाही, तर झाडाबरोबर रोगही घरोघर पोहोचतो.

आता जरा जवळून पाहा. माझ्या हातात दोन कंद आहेत. दोन्ही टणक आहेत, दोन्ही चांगले पोसलेले आहेत आणि उजवीकडचा तर डावीकडच्यापेक्षा मोठाच आहे. तरीही डावीकडच्या कंदाला कोंब येईल आणि उजवीकडचा मातीखाली महिनोन्‌महिने तसाच पडून राहून अखेर कुजेल, कारण त्याला डोळा, म्हणजे कोंब फुटणारी कळी, नाही. बटाटा हे जमिनीखालचे खोड असल्यामुळे त्याच्या सर्वांगावर डोळे असतात. डेलियाचा कंद हे मूळ असल्यामुळे त्याच्या अंगावर डोळा कधीच नसतो. कंदाची बारीक मान जुन्या खोडाच्या बुंध्याला जिथे जुळते, तेवढ्याच जागी डोळे असतात. हा पाहा, दोन-तीन मिलिमीटरचा गुलाबीसर उंचवटा, आणि त्याखाली बुंध्याचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा कंदाला लागून राहिलेला. कंद वेगळे करताना धारदार पात्याने हा तुकडा सांभाळून घ्यावा लागतो. हाताने पिळून कंद तोडला, तर तो दिसतो सुरेख, पण उपयोगाचा राहत नाही. मान पिचकली असेल, तर डोळा असूनही बहुधा तो कंद जगत नाही, म्हणून कंद हाताळताना त्याला मानेला धरून उचलू नये.

डोळा शाबूत असलेला एक कंद काय करू शकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशातला. १७८९ मध्ये मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानातून त्याचे बी माद्रिदला गेले आणि तेथे कावानीयेस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १७९१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८७२ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन डेन बर्ग नावाच्या बागाईतदाराकडे मेक्सिकोहून झाडांची एक पेटी आली. प्रवासात त्या पेटीतला माल नासला आणि डेलियाचा एकच कंद वाचला. त्याला जे फूल आले ते लालभडक होते आणि त्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या, टोकदार होत्या. तोवर युरोपात गोल, गच्च भरलेल्या डेलियांची चलती असल्यामुळे ते सगळ्यांना नवलाचे वाटले. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ यांच्या नावावरून त्याला हुआरेझी म्हणू लागले. आज आपण ज्यांना कॅक्टस डेलिया म्हणतो, त्यांच्या वंशावळीत ते एकटे वाचलेले झाड आहे.

आता आपल्याकडची अडचण पाहू. थंड देशांत हिवाळ्याआधी कंद उकरून काढतात, गोठणार नाहीत अशा जागी ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. सॅन फ्रान्सिस्कोचे अधिकृत फूल डेलियाच आहे. तिथल्या गोल्डन गेट पार्कमधली डेलियाची बाग डेलियाप्रेमींच्या संस्थेचे स्वयंसेवक सांभाळतात, आणि अशा संस्थांत वसंत ऋतूतली कंदविक्री हा मोठाच सोहळा असतो. आपले वर्ष याच्या उलट चालते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेला डेलिया डिसेंबर ते फेब्रुवारीत फुलतो, मार्चच्या उन्हात पाने पिवळी पडू लागतात, आणि मग कंदाला आधी एप्रिल-मेचा उकाडा व त्यानंतर चार महिन्यांचा पाऊस काढावा लागतो. आपले कंद थंडीने मरत नाहीत. उन्हाळ्यात सुकून सुरकुततात, नाही तर जुलैत ओलीने सडतात.

यावर कुंडीत लावणाऱ्यांसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे कंद उकरूच नये. पाने पिवळी पडल्यावर पाणी हळूहळू बंद करावे, खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे आणि माती कोरडी झाल्यावर कुंडी पावसाची झड येणार नाही अशा सावलीच्या कोपऱ्यात आडवी करून ठेवावी. डेलियाचे खोड पोकळ असते आणि त्या नळीतून पाणी थेट बुंध्यात उतरते, म्हणून कुंडी उभी ठेवण्यापेक्षा आडवी ठेवलेली बरी. जमिनीत लावलेले कंद मात्र काढावेच लागतात. ते काढल्यावर बुंधा वर आणि खोड खाली करून काही दिवस सावलीत वाळवावेत, कापलेल्या जागी गंधकाची भुकटी लावावी आणि कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ठेवावेत. महिन्यातून एकदा हात घालून पाहावे: मऊ पडलेला कंद लगेच बाहेर काढावा आणि फार सुरकुतलेल्या कंदावर पाण्याचा हलका शिपका मारावा. शेवटच्या महिन्यात युरियासारखे नत्रखत भरपूर दिलेल्या झाडाचे कंद साठवणीत लवकर कुजतात. ज्याला कंद वाटायचे आहेत, त्याने फुलांच्या आकाराच्या मोहात खताचा हात सैल सोडू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

यातूनच केव्हा द्यावे याचे उत्तर मिळते. मार्चमध्ये उकरलेला कंद पिशवीत घालून, ‘ठेवा जपून, सप्टेंबरात लावा,’ असे म्हणून देणे म्हणजे आपली डोकेदुखी दुसऱ्याच्या घरी पोहोचवणे होय. कंद आपणच सांभाळावा. गणपतीच्या सुमारास डोळे फुगू लागतात. तेव्हा बुंधा ओलसर कोकोपीटवर उघडा ठेवला की डोळे स्पष्ट दिसतात, कुठे कापायचे ते कळते आणि घेणाऱ्यालाही हातात जिवंत कोंब असलेला कंद मिळतो.

तरीही नवख्या माणसाला कंदाऐवजी मुळे फुटलेले छाटकलम द्यावे, असेच मी सुचवेन. एका कंदातून एकच झाड मिळते, पण त्याच कंदावरून सात-आठ सेंटिमीटरचे कोंब एकामागून एक काढत गेल्यास त्या हंगामात कितीतरी कलमे तयार होतात, आणि ती सगळी गुणधर्माने मूळ झाडासारखीच असतात. कोंब कोवळा व भरीव असावा. आतून पोकळ झालेला कोंब मुळे फुटण्याआधीच सडतो. पान खोडाला जुळते त्या सांध्याच्या, म्हणजे पेराच्या, किंचित खाली कापून, खालची पाने काढून, ते पेर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये गाडावे. दोन ते तीन आठवड्यांत मुळे येतात. पेर मातीखाली जाणे येथे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या वर्षी कंदांच्या बुंध्याला जे डोळे लागणार, ते या गाडलेल्या पेरातल्या कळीपासून येतात. पेर वर राहिले तरी झाड वाढते, फुलतेही, पण पुढच्या हंगामात त्याचे कंद वांझ निघण्याची शक्यता असते.

आता काय देऊ नये, ते पाहू. डेलियाचा मोझॅक हा विषाणुजन्य रोग मावा या किडीमुळे एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि रोगी झाडाच्या प्रत्येक कंदातून व प्रत्येक कलमातून पुढे जातो. पानांच्या शिरांच्या कडेने फिकट पिवळे पट्टे दिसतात, पाने वेडीवाकडी होतात, झाड खुजे राहते. काही जातींत लक्षणे जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून एका नजरेवर विसंबू नये. जे झाड संपूर्ण हंगामभर आपल्या डोळ्यांसमोर निकोप राहिले, त्याचेच कंद द्यावेत. या रोगावर औषध नाही. झाड कितीही आवडते असले, तरी ते कंदांसकट उपटून नष्ट करावे लागते.

दुसरा रोग अधिक फसवा आहे. कधी कधी बुंध्याशी बारीक, बुटक्या, गच्च कोंबांचा झुबका दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की यंदा डोळे किती भरघोस आले आहेत. निरोगी डोळे सुटे असतात, त्यांतून सरळ कोंब निघतो. एकाच गाठीतून असा खुरटा झुबका आला, तर तो मातीतल्या ऱ्होडोकॉकस जिवाणूंमुळे होणारा रोग असतो, आणि तो कापणीच्या पात्यावरूनही पसरतो. असा कंद कुणाला देऊ नये, कंपोस्टमध्येही टाकू नये. त्या कुंडीची माती पुन्हा डेलियासाठी वापरू नये. एका झाडावरून दुसऱ्याकडे वळताना पाते स्पिरिटने पुसण्याची सवय लावून घ्यावी. कंद वाटपाच्या दिवशी एकाच सुरीने दहा जणांचे कंद कापले जातात, त्यामुळे तेव्हा हे विशेष जपावे.

देताना जातीचे नावही सोबत द्यावे. उघड्यावर मार्करची शाई हंगामाअखेर पुसट होते, साध्या पेन्सिलीने प्लॅस्टिकच्या पट्टीवर लिहिलेले मात्र दीर्घकाळ टिकते. नाव ठाऊक नसेल तर मनाने ठेवू नये. फुलाचा रंग, अंदाजे व्यास, झाडाची उंची आणि कुणाकडून मिळाले एवढे लिहिले तरी पुरे. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. अशा ठिकाणी मांडलेल्या फुलांवरच्या चिठ्ठ्या आपल्या फुलाशी ताडून पाहिल्यास नावाचा छडा लागू शकतो.

बियांचे काय, असाही प्रश्न येतो. बी जरूर द्यावे, पण ‘हे त्या जांभळ्याचे बी आहे’ असे सांगून देऊ नये. आपल्या ओळखीच्या अनेक झाडांत गुणसूत्रांचे दोनच संच असतात, तर बागेतल्या डेलियात आठ. एकूण ६४ गुणसूत्रे. त्यांची सरमिसळ इतकी होते की जांभळ्याच्या बियांतून पिवळे, पांढरे, एकेरी पाकळीचे असे काहीही निघू शकते. निळा मात्र अजून कुणालाही साधलेला नाही. चार जणांनी एकाच फुलाचे बी वाटून लावावे आणि ज्याच्याकडे उत्तम झाड निघेल त्याने बाकीच्यांना कलम द्यावे, हा मला डेलिया वाटण्यातला सर्वांत गमतीचा प्रकार वाटतो.

परदेशातल्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. भावाच्या बागेसाठी सामानात दोन कंद टाकून आणण्याचा मोह होतो, परंतु भारतात लागवडीचे रोप किंवा कंद आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निघण्याच्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. आत्ताच ज्या रोगांविषयी बोललो, ते असेच प्रवास करतात.

देशातल्या देशात कुरिअरने पाठवायचे असल्यास कंद जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये ठेवून कागदात गुंडाळावा आणि भोके पाडलेल्या खोक्यात घालावा. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरशी येते. कंद मिळाल्यावर घेणाऱ्याने तो आडवा, डोळा वर करून, सात-आठ सेंटिमीटर खोल लावावा आणि माती मुळातच किंचित ओली असेल तर कोंब जमिनीवर दिसेपर्यंत पाणी घालू नये. मुळे फुटलेली नसताना कंदाला पाणी शोषता येत नाही. नवे लोक रोज तांब्याभर पाणी घालतात आणि कंद वाईट निघाला म्हणून देणाऱ्याला दोष देतात, म्हणून ही एक ओळ जातीच्या नावाखाली त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावी.