हायड्रोजन गाडीची परीक्षा पंपावर

श्रोतेहो, नमस्कार.

हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीचं प्रात्यक्षिक असलं की एक दृश्य हमखास दिसतं. गाडी उभी आहे, मागच्या नळीतून पाणी ठिबकतंय आणि कुणीतरी कौतुकानं ते पेल्यात धरतंय. दृश्य खरंच आहे. एक किलो हायड्रोजन वापरला गेला की जवळजवळ नऊ लिटर पाणी तयार होतं, आणि धूर अजिबात नाही. पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की वीज मिळते, हे विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञानं १८३९ च्या सुमारासच दाखवून दिलं होतं. मोटारीत ते जमतं, हेही जुनं आहे. जनरल मोटर्सनं १९६६ मध्ये 'इलेक्ट्रोव्हॅन' नावाची गाडी बनवली. मूळची सहा माणसांची व्हॅन, पण टाक्यांनी आणि नळ्यांनी ती इतकी भरली की दोघांपुरतीच जागा उरली. आज तेच सगळं यंत्र नेहमीच्या मोटारीच्या पोटात मावतं आणि मागच्या सीटवर माणसं आरामात बसतात. ह्युंदाईनं २०१३ मध्ये अशा गाड्या कारखान्यातून नियमित काढायला सुरुवात केली. टोयोटाची मिराई डिसेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली.

तेव्हा गाडी चालते का, या प्रश्नाचं उत्तर मिळून गेलेलं आहे. मला आज बोलायचंय ते वेगळ्या प्रश्नावर. कामाच्या दिवशी, संध्याकाळच्या घाईत, टाकी जवळजवळ रिकामी असताना तुम्ही पंपावर गेलात, तर गाडीत हायड्रोजन भरून मिळेल का? आज मिळेल, उद्या मिळेल, आणि पुढच्या महिन्यातही मिळेल का? माझ्या मते हायड्रोजन गाडीच्या प्रात्यक्षिकाचा खरा विषय हाच आहे.

गाडीच्या आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. एक पातळ पडदा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा थर. एका बाजूनं हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूनं हवा. हायड्रोजनच्या अणूतला प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला पडदा अडवतो, म्हणून त्याला बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावं लागतं. तारेतल्या त्याच प्रवाहावर गाडीची मोटर फिरते. या रचनेलाच फ्युएल सेल म्हणतात. अशा एका सेलमधून एक व्होल्टसुद्धा मिळत नाही. म्हणून पहिल्या मिराईत ३७० सेल एकाला एक लावून रचलेले होते. गाडीचं एवढं पुरे. आता पंपाकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथे आहे.

हायड्रोजन हा सगळ्यांत हलका वायू. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन अकरा-बारा हजार लिटर जागा व्यापतो, आणि मोटारीला चारपाचशे किलोमीटर जायचं तर पाच किलो तरी हवा. तेवढा वायू गाडीत मावायचा तर तो वातावरणाच्या सातशे पट दाबानं भरावा लागतो. म्हणजे पंपावरच्या साठ्यातला दाब त्याहूनही जास्त हवा, आणि तो तयार करणारा कॉम्प्रेसर तितका दणकट हवा. त्यात भर म्हणजे उष्णता. सायकलच्या चाकात हवा भरताना हातपंप कसा तापतो, तसाच टाकीत भराभर कोंबलेला हायड्रोजन तापतो. टाकीचं तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देता येत नाही. म्हणून पंपावर आधीच हायड्रोजन उणे चाळीस अंशांच्या आसपास थंड करून मग सोडतात.

नोझल गाडीला लावून खटका दाबला की पंप आणि गाडी एकमेकांशी बोलू लागतात. गाडी आपल्या टाकीचा दाब आणि तापमान इन्फ्रारेड संकेतांनी पंपाला कळवते. पंप आधी वायूचा छोटासा झोत सोडतो, थांबतो, कुठे गळती आहे का ते तपासतो आणि मगच भरायला लागतो. तीन ते पाच मिनिटांत काम होतं. हा वेळ खरोखर मोलाचा आहे आणि हायड्रोजनवाल्यांनी त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण पुढचं कुणी आवर्जून सांगत नाही. हवेत दमटपणा असला तर गार पडलेल्या नोझलवर बर्फ धरतो आणि नोझल गाडीला चिकटून बसतं. ते सुटेपर्यंत गाडीवाला उभा आणि मागची गाडीही उभी. त्याहून मोठी अडचण म्हणजे पहिली गाडी भरली की साठ्यातला दाब उतरतो. कॉम्प्रेसर तो पुन्हा वर आणेपर्यंत दुसऱ्या गाडीला थांबावं लागतं, नाहीतर अर्धवट भरलेल्या टाकीवर समाधान मानावं लागतं. दिवसाला चारच गाड्या येत असतील तर हे लक्षातही येत नाही. पण मग त्या चार गाड्यांसाठी शीतयंत्र दिवसभर वीज खात राहतं.

या गोष्टी कागदावरच्या हिशोबातून पुरत्या कळत नाहीत. त्यासाठी गाड्या साध्या माणसांच्या हाती द्याव्या लागतात आणि जे जे घडेल ते टिपून ठेवावं लागतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं असं एक मोठं प्रात्यक्षिक केलं, ते २०११ पर्यंत चाललं. १८३ गाड्या, २५ पंप, पाच लाखांहून अधिक फेऱ्या, छत्तीस लाख मैलांचा, म्हणजे सुमारे अठ्ठावन्न लाख किलोमीटरचा प्रवास. प्रत्येक गाडीची, प्रत्येक पंपाची नोंद कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जमा व्हायची. कंपन्यांची गुपितं झाकून, सगळ्यांचे आकडे एकत्र करून तक्ते प्रसिद्ध व्हायचे. फ्युएल सेल किती तास टिकले, पंपावर काय बिघडलं, दुरुस्तीला किती वेळ गेला, हे सगळं त्यात होतं. मला या प्रकल्पाबद्दल फार आदर आहे. गाड्यांची प्रगती तर त्यातून दिसलीच, पण पंपाची दुखणी कुठे आहेत हेही कळलं. कॉम्प्रेसर हे त्यातलं एक मोठं दुखणं होतं.

रोजच्या वापरातून असे प्रश्न पुढे येतात की प्रयोगशाळेत ते सुचलेही नसते. साधं मोजमाप घ्या. पंपावरून विकायचं तर किलो बरोबर मोजला पाहिजे, आणि एवढ्या दाबाचा, एवढा गार वायू अचूक मोजणारं यंत्र हे सोपं काम नव्हे. कॅलिफोर्नियात बरीच वर्षं हायड्रोजन किलोच्या भावानं विकायला वजनमापांची मान्यताच नव्हती. लॉस एंजेलिसच्या स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पंपाला २०१४-१५ च्या सुमारास ती मान्यता मिळाली, तेव्हा कुठे रीतसर विक्रीची वाट मोकळी झाली.

शुद्धतेचंही तसंच. फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो. त्यातही कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भागांपेक्षा जास्त चालत नाही, आणि गंधक तर त्याहूनही कितीतरी कमी. ही द्रव्यं प्लॅटिनमला जाऊन चिकटतात आणि सेलची ताकद घटते. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून उग्र वास मिसळतात. तो वास गंधकाच्या संयुगांचा असतो, म्हणून इथे तो उपाय करता येत नाही. त्यात हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तेव्हा पंपावर नाकाचं आणि डोळ्यांचं काम सेन्सरवर सोपवावं लागतं, आणि ते सेन्सर वेळच्या वेळी तपासावे लागतात.

सुरक्षेबद्दल लोकांच्या मनात भीती आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. १० जून २०१९ रोजी नॉर्वेमध्ये ऑस्लोजवळच्या सांडविका इथल्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. जवळून जाणाऱ्या एका गाडीतल्या एअरबॅग त्या धक्क्यानं फुगल्या आणि दोघांना किरकोळ दुखापत झाली. चौकशीत निघालं ते असं, की उच्च दाबाच्या टाकीच्या एका बुचाचे बोल्ट जुळणीच्या वेळी नीट आवळले गेले नव्हते. हायड्रोजनच्या गाडीत दोष नव्हता, फ्युएल सेलमध्येही नव्हता. तरी गाडी कंपन्यांना तिथली विक्री काही काळ थांबवावी लागली, कारण भरायला पंपच उरले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियानं सोलमध्ये आपल्या संसदेच्या आवारात हायड्रोजन पंप सुरू केला. लोकांना 'घाबरू नका' असं सांगणाऱ्यांनी तो आपल्याच अंगणात बसवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कॅलिफोर्नियाबद्दल थोडं मोकळेपणानं बोलतो. मोटारींसाठी तिथल्याइतका मोठा सार्वजनिक प्रयोग फार थोड्या ठिकाणी झाला. २०१३ च्या कायद्यानं किमान शंभर पंप उभे राहीपर्यंत सरकारी पैसा द्यायचं ठरवलं. शंभराचा आकडा आजवर गाठला गेलेला नाही. जे पंप होते त्यांतले बरेच कधी बिघाडामुळे, कधी हायड्रोजन न पोचल्यामुळे बंद असायचे. २०१९ च्या जूनमध्ये हायड्रोजन पुरवणाऱ्या एका केंद्रात स्फोट झाला आणि उत्तरेकडच्या पंपांवर चणचण निर्माण झाली. गाडीवाले घरून निघण्याआधी फोनवर बघायचे की आज कुठला पंप चालू आहे. पुढे हायड्रोजनची किंमतही चढत गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मोठ्या तेल कंपनीनं तिथले मोटारींसाठीचे आपले सातही पंप कायमचे बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी विश्वासानं गाड्या घेतल्या त्यांचं यात खरं नुकसान झालं. त्यांच्या गाड्या उत्तम चालत होत्या, हे पाहून तर जास्तच वाईट वाटतं.

याच्या उलट वाट स्वित्झर्लंडनं धरली. तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये ह्युंदाईचे हायड्रोजन ट्रक रस्त्यावर आले. ट्रक विकले नाहीत, किलोमीटरप्रमाणे भाड्यानं दिले, आणि भाड्यातच इंधन आणि देखभाल धरली. मालवाहतूकदारांचे मार्ग ठरलेले, त्यामुळे कुठल्या पंपावर किती हायड्रोजन लागणार हे आधीच माहीत. एक ट्रक एका वेळेला तीस किलोच्या आसपास हायड्रोजन घेतो, म्हणजे सहा मोटारींएवढं गिऱ्हाईक एकट्याचं. हायड्रोजन बनवण्यासाठी सुरुवातीला वीज वापरली ती जलविद्युत केंद्राची. २०२४ पर्यंत त्या पन्नासेक ट्रकांनी मिळून एक कोटी किलोमीटर पार केले.

विजेचा विषय निघालाच आहे तर तोही सांगायला हवा. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन बनवायला पन्नासहून अधिक युनिट वीज लागते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर गाडी दुप्पट-तिप्पट लांब जाते. आणि आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून बनवताना किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून शहरात रोज थोडंसं फिरणाऱ्या छोट्या गाडीसाठी बॅटरीच बरी, असं माझं मत झालंय. जिथे वजन जास्त, अंतर लांब आणि उभं राहायला वेळ नाही, तिथे हायड्रोजनला अजून पारखून बघायला हवं.

ती पारख आता युरोपात होणार आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे मुख्य महामार्गांच्या जाळ्यावर २०३० अखेर दर दोनशे किलोमीटरला एक हायड्रोजन पंप हवा, आणि प्रत्येकाची क्षमता दिवसाला किमान एक टन. एक टन म्हणजे तीस-एक ट्रक. त्यातले पाच-सहा पहाटे एका मागोमाग येऊन उभे राहिले, तर पाचव्या-सहाव्या ट्रकलाही पहिल्याइतकाच पूर्ण दाब मिळाला पाहिजे. माझं मागणं एवढंच, की हे पंप सुरू होतील तेव्हा रोज किती तास बंद होते, कितीजणांना रिकाम्या टाकीनं परत जावं लागलं आणि कुठला भाग बिघडला, याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना पाहता याव्यात.

नमस्कार.