पोस्टरवर न येणाऱ्या राइड्स

[दृश्य: सकाळ. थीम पार्कचं फाटक उघडतं. गर्दी एकाच दिशेला धावत सुटते.]

ही माणसं कुठं निघालीत हे कळायला नकाशा लागत नाही. यंदा जी नवी राइड आली, जिचं चित्र प्रत्येक जाहिरातीत आहे, तिकडेच. अर्ध्या तासात तिची रांग भरते, तिथं दोन तासांची पाटी लागते. मग बाकीची गर्दी जाते कुठं? पार्कचा विस्तार आखणाऱ्यांना हा प्रश्न फाटक उघडायच्या कितीतरी वर्षं आधी पडायला हवा. बऱ्याचदा तो पडत नाही.

साधा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

[दृश्य: काळ्या पाटीवर आकडे एकेक करून उमटतात.]

नवी मोठी राइड तासाला 1,500 माणसं घेते. पार्क 12 तास उघडं, म्हणजे दिवसाला 18,000 जागा. तिच्या नावावर रोजची 8,000 माणसं जास्त येऊ लागली. आता तिकीट काढून आलेला माणूस एका राइडवर समाधान मानून घरी जात नाही. दिवसभरात आठ राइड्स तरी व्हाव्यात असं त्याला वाटतं. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे 64,000 जागा हव्यात. नव्या राइडनं दिल्या 18,000. उरलेल्या 46,000 जागांचा भार जुन्या राइड्सवर. पार्क वाढलं आणि रांगाही वाढल्या! शिवाय हे सगळं राइड दिवसभर एकदाही बंद पडली नाही असं धरून. नव्याकोऱ्या, गुंतागुंतीच्या राइड्स तेवढं कुठलं ऐकतात.

हा तोटा भरून काढतात त्या छोट्या राइड्स. एकेकटीची क्षमता बेताची असते. जोड्यांनी बसायच्या सोळा पाळण्यांत एका फेरीला 32 जणं मावतात. बसवणं-उतरवणं धरून तासाला पंधरा फेऱ्या झाल्या तर 480. पण अशा चार असल्या की तासाला 1,900 च्या वर जागा होतात, आणि एक बंद पडली तरी तीन चालू राहतात. मोठी थांबली की तिची सगळी रांग एकदम रस्त्यावर येते.

[दृश्य: जुनी कुपन-पुस्तिका.]

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये पूर्वी ही वाटणी तिकीटच करत असे. 1955 साली पार्क सुरू झालं, त्याच वर्षी कुपनांच्या पुस्तिका आल्या. ए म्हणजे सगळ्यात साधी राइड, मग बी, सी. पुढं डी आलं आणि 1959 साली ई. मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडी, मोनोरेल त्याच वर्षी सुरू झाले, ते ई मध्ये. पुस्तिकेत मोठ्या राइड्सची कुपनं मोजकी असत. ती संपली की हातात ए आणि बी उरत. पैसे तर भरलेले, मग लोक मेरी-गो-राउंडवर बसत, घोड्याच्या ट्राममधून फिरत. 1982 मध्ये कुपनं बंद झाली. एकदा प्रवेशाचे पैसे भरले की सगळं खुलं. पाहुण्याला ते सोयीचं होतं यात वाद नाही. पण छोट्या राइडकडे वळायला भाग पाडणारी गोष्ट नाहीशी झाली. आता तिनं स्वतःच्या बळावर माणूस ओढायचा, आणि तिच्यावर खर्च करायला कुणी फारसं राजी नाही, कारण तिचं पोस्टर होत नाही.

[दृश्य: कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर, 2001.]

याचा सगळ्यात बोलका नमुना डिस्नेलँडच्या समोरच आहे. 8 फेब्रुवारी 2001 ला तिथं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर हे दुसरं पार्क उघडलं. एक मोठा रोलर कोस्टर होता, कॅलिफोर्नियावरून उडत गेल्याचा भास देणारी एक सुंदर राइड होती, खाण्यापिण्याच्या जागा भरपूर होत्या. लहान मुलांसाठी फार थोडं होतं. घरात एक तीन वर्षांचं मूल असलं की अख्ख्या कुटुंबाचा दिवस त्या मुलाच्या तालावर चालतो, हे डिस्नेला कुणी सांगायला हवं होतं असं वाटत नाही. तरी झालं ते असं. ऑक्टोबर 2002 मध्ये घाईनं किड्यांच्या कथेवरचा एक छोटा विभाग उभा केला. चार छोट्या राइड्स आणि पाण्यात खेळायची जागा. सुरवंटाची गाडी, लेडीबगचे गोल फिरणारे पाळणे, टकरा देत फिरायच्या छोट्या गाड्या. कुणाचा श्वास रोखला जाईल असं त्यात काही नव्हतं, पण मुलांना बसायला जागा झाली.

खरी दुरुस्ती झाली ती 15 जून 2012 ला, याच पार्कात 'कार्स' या मोटारींच्या चित्रपटातलं गाव, कार्स लँड, उघडलं तेव्हा. बारा एकर, तीन राइड्स. एक मोठी: लाल डोंगरांमधली मोटारींची शर्यत, तिला उंचीची अट 102 सेंटिमीटर. दोन छोट्या: एकीत ट्रॅक्टर मागच्या गाड्यांना झोके देत फिरतात, दुसरीत हवेच्या झोतावर तरंगणारी टायरं. तिन्ही एकाच दिवशी उघडल्या, एकाच रस्त्यावर, एकाच गावाच्या. संध्याकाळी निऑनचे दिवे लागतात तेव्हा ट्रॅक्टरवर बसलेलं पोर त्याच गावात असतं ज्या गावात शर्यतीत बसलेला मोठा भाऊ असतो. यात एक घोटाळा झालाच. टायरं फार हळू चालत, लोकांना ती ढकलता येत नसत. मग ती काढून 2016 मध्ये तिथं नाचणाऱ्या मोटारी आणल्या. छोटी राइड फसली तर निस्तरता येते, हाही तिचा एक गुण. मोठी फसली की वर्षानुवर्षं सांभाळत बसावं लागतं.

आणि मग पुढं काय केलं? 2018 मध्ये किड्यांचा तो विभाग पाडला. त्या जागी 4 जून 2021 ला ॲव्हेंजर्स कॅम्पस उघडलं. नवी राइड एकच, स्पायडर-मॅनसारखी हातानं जाळी फेकायची. तिला उंचीची अट नाही, लहान मुलंही बसतात, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. पण चार रांगांच्या जागी एक रांग आली. अकरा वर्षांत कष्टानं शिकलेला धडा कंपनी त्याच पार्कात विसरली, असं माझं मत.

[दृश्य: डिस्नेलँडमधला उंचावरचा रिकामा मार्ग.]

छोटं काढून मोठं बसवण्याचा आणखी एक प्रयोग डिस्नेलँडमध्येच झाला होता. टुमारोलँड या विभागाच्या डोक्यावरून 1967 पासून पीपलमूव्हर नावाची संथ गाडी फिरत असे. कधी न थांबणारे डबे, सरकत्या फलाटावरून चढायचं, सावलीत बसून विभागावर नजर टाकायची. दमलेल्या माणसासाठी यापरतं सुख नाही. 1995 मध्ये ती बंद केली आणि 1998 मध्ये त्याच मार्गावर रॉकेट रॉड्स नावाची वेगवान राइड धावू लागली. मार्ग मात्र संथ गाडीसाठी बांधलेला होता. त्याच्या वळणांना आतल्या बाजूला उतार नव्हता. त्यामुळे प्रत्येक वळणाआधी वेग कमी करायचा, पुढं पुन्हा वाढवायचा. टायरं झिजत, राइड सतत बंद पडे. 2000 साली ती बंद झाली ती कायमची. तो मार्ग आजही तिथं उभा आहे, त्यावरून काहीच जात नाही.

छोटी म्हणजे स्वस्तातली, हा समजही काही कमी नुकसान करत नाही. फ्लोरिडात डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम पार्कात 2001-02 साली डांबरी पटांगणावर जत्रेच्या धर्तीवर काही राइड्स उभ्या केल्या. कथेत त्या रस्त्याकडेच्या जत्रेचं विडंबन होतं. पाहुण्यांना मात्र ते नुसतंच पटांगण दिसलं.

[दृश्य: सर्कसचा तंबू, उडणारे हत्ती.]

याउलट डिस्नेच्या फ्लोरिडातल्याच मॅजिक किंगडम पार्कात 2012 साली फॅन्टसीलँड हा विभाग वाढवताना उडत्या हत्तींची राइड दुप्पट केली. सोळा हत्तींच्या जागी बत्तीस. आणि रांगेऐवजी तंबूत खेळायची जागा. पाळी आली की हातातलं यंत्र थरथरायचं, तोवर पोरं घसरगुंडीवर. नवं काहीच नाही, आहे तेच नीट केलं. मला हे त्या विस्तारातलं सगळ्यात शहाणं काम वाटतं, सात बुटक्यांच्या खाणीच्या रोलर कोस्टरपेक्षाही. तो दीड वर्षानं, 2014 मध्ये आला आणि बातम्या त्याच्याच झाल्या.

[दृश्य: जर्मनी. काळ्या खडकांमधून कोस्टर सुसाटत जातो.]

कोलोनजवळच्या फँटासियालँड पार्कनं 30 जून 2016 ला क्लुगहाइम हा विभाग उघडला. टारोन हा ताशी 117 किलोमीटरनं धावणारा कोस्टर आणि राइक हा पुढं जाऊन त्याच रुळावर मागं येणारा, कुटुंबानं मिळून बसायचा कोस्टर, दोन्ही एकाच दिवशी, एकाच खडकांत. राइकला दुय्यम कोपरा दिलेला नाही.

अमेरिकेतल्या डॉलीवूड पार्कनं तर क्रमच उलटा केला. 2019 मध्ये वाइल्डवूड ग्रोव्ह या नव्या विभागावर 3 कोटी 70 लाख डॉलर घातले आणि त्यात श्वास रोखणारं असं काही आणलं नाही. झोपाळे, उड्या मारणारे बेडूक, अस्वलावरची सफर, कुटुंबानं मिळून बसायचा एक मध्यम कोस्टर, आणि आत गारवा असलेली खेळघरं. मोठा कोस्टर, बिग बेअर माउंटन, त्याच विभागात 2023 मध्ये आला, अडीच कोटी डॉलरचा. तोपर्यंत तिथं बसायची, खेळायची, थांबायची सोय आधीच होती. गर्दी वाढली तेव्हा ती सामावून घ्यायला जागा होती.

[दृश्य: मॅजिक किंगडम. नदी, बेट, चाकाची बोट.]

सध्या लक्ष ठेवावं अशी जागा मॅजिक किंगडममध्येच आहे. तिथली नदी, 1973 पासूनचं टॉम सॉयर बेट आणि चाकाची बोट यांचा 6 जुलै 2025 हा शेवटचा दिवस होता. त्या जागी मोटारींच्या त्याच कथेवरचा नवा विभाग बांधला जातोय. जाहीर झालेल्या राइड्स दोन: डोंगरातली मोठी शर्यत आणि लहानांसाठी एक छोटी. जोडी पहिल्यापासून आराखड्यात आहे, हे बरं झालं. पण बेटावर जाऊन पोरं वेळेचं बंधन नसताना गुहांमधून धावत, आणि एका बोटीत शेकडो माणसं वाऱ्यावर बसत. तेवढी माणसं आता या दोन राइड्सनी पेलायची आहेत. त्यातल्या छोटीची तासाची क्षमता किती आणि तिच्या रांगेवर सावली किती, एवढं कळलं की विभागाविषयी निम्मं मत तरी बनवता येईल.