दारात कोर्टाचा बेलीफ आला तर

नमस्कार श्रोतेहो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावांत कोर्टाचा बेलीफ गल्लीत शिरला की दारं पटापट लागतात. "घरात कोणी नाही म्हणून सांग," असं पोरांना बजावलं जातं. त्यानं संकट टळत नाही, वाढतं.

नुसतं समन्स घेऊन आलेला बेलीफ तुमच्या घरातली सुईसुद्धा उचलू शकत नाही. समन्सवर सही केली म्हणजे दावा कबूल केला, असं नाही. कागद पोचला, एवढंच. सही नाकारलीत तर तो प्रत दारावर डकवतो आणि घर कोणी दाखवलं, कोणासमोर डकवली, हे लिहून कोर्टाला कळवतो. कोर्टानं ते मान्य केलं की दावा तुमच्याविना चालू शकतो आणि निकाल एकतर्फी लागतो.

आपल्याकडे कितीतरी घरांतले कर्ते पुरुष गोव्याला, पुण्याला कामाला असतात. माणूस लवकर भेटण्यासारखा नसेल, तर त्याच्या घरात राहणाऱ्या सज्ञान नातेवाइकाला, म्हणजे आईला किंवा बायकोलाही, दिलेलं समन्स कायद्यानं चालतं. म्हणून भगिनींनो, तो कागद डब्याखाली सारून ठेवू नका. कन्नड वाचता येत नाही, ही अडचण खरी आहे. मग बेलीफालाच विचारा: कोर्ट कोणतं, दाव्याचा नंबर काय, तारीख कधीची? लिहून घ्या आणि त्याच दिवशी घरच्या माणसाला फोन करा. लेखी म्हणणं मांडायला 30 दिवस असतात.

जप्तीची गोष्ट वेगळी. तिथं आधी वॉरंट पाहायला मागा. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलीफाला राहत्या घरात शिरता येत नाही. नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा रिवाजानं न उतरवायचा दागिना, शेतकऱ्याची औजारं, पोटापुरते बैल, बियाणं, यांना हात लावता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला अटक होत नाही. बाहेरचं दार मात्र तोडता येतं, पण घर देणेकऱ्याच्याच ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल तरच.

आणि कर्जवसुलीला येणारा एजंट बेलीफ नव्हे. कोर्टाचा हुकूम नसताना जप्तीची धमकी देणाऱ्याला घाबरू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.