पार्ट बदलण्याआधी वायर तपासा

तुर्भे, कळंबोली, वागळे इस्टेट इथली गाड्यांची आणि जनरेटरची कामं करणारी मंडळी समोर आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. स्कॅनर ‘कूलंट टेम्परेचर सर्किट, व्होल्टेज जास्त’ असा फॉल्टचा कोड दाखवतो, तेव्हा सेन्सर गेला असं त्याचं म्हणणं नसतं. सर्किटमध्ये सेन्सर, कपलर (वायर जोडायचा प्लग), वायर आणि ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची पिन सगळंच आलं. नेमकं कुठे बिघडलंय, ते आपल्याला शोधायचं असतं.

कूलंटचं तापमान सांगणारा हा सेन्सर दोन वायरचा. थंड असताना, साधारण २० ते २५ अंशांना, बहुतेकांचा रेझिस्टन्स दोन-अडीच किलोओहम असतो. ८० अंशांना तो तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. चावी ऑन करा, कपलर काढा आणि लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे आकडे बघा. तापमान उणे ४० च्या जवळ गेलं पाहिजे. आता कपलरच्या दोन पिना बारीक वायरने जोडा, आकडा शंभराच्या बराच वर चढला पाहिजे. दोन्ही झालं, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत. सेन्सर किंवा त्याच्या पिना बघा. कपलर काढूनही आकडा खाली गेला नाही, तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे दुसरीकडे टेकलीय. पिना जोडूनही चढला नाही, तर ओपन आहे, म्हणजे कुठेतरी तुटलीय. काही ईसीयू फॉल्ट पकडताच स्वतःचा ठरलेला आकडा दाखवायला लागतात. अशा गाडीत तापमान न बघता सिग्नलचं व्होल्टेज बघा: ओपनला ५ च्या जवळ, शॉर्टला शून्याच्या जवळ.

ही जोडाजोडी तीन वायरच्या प्रेशर सेन्सरवर मात्र कधीही करू नका. त्यातली एक वायर ५ व्होल्टच्या सप्लायची असते आणि तो सप्लाय बहुतेक वेळा दोन-तीन सेन्सर मिळून वापरतात. म्हणूनच बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), रेल प्रेशर (डिझेलचा दाब) आणि पेडल असे तीन कोड एकदम आले, तर तीन पार्ट मागवायचे नाहीत. मीटर ५ व्होल्टच्या वायरवर ठेवून एकेक कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर व्होल्टेज परत वर येईल, तो सेन्सर दोषी. सगळे काढूनही आलं नाही, तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा उघडायचा.

सोलेनॉइडकडे, म्हणजे करंट दिला की आतला दांडा हलवणाऱ्या कॉइलकडे वळू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बऱ्याच इंजिनांत ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोच्या व्हॅक्यूम सोलेनॉइडला चावी ऑन होताच बारा व्होल्ट मिळतात आणि ईसीयू दुसऱ्या बाजूने अर्थ देतो. त्यामुळे सोलेनॉइड बंद असताना दोन्ही पिनांवर बारा दिसतात. ‘करंट येतोय, म्हणजे सोलेनॉइड गेला’ हा निष्कर्ष इथेच चुकतो. स्कॅनरने तो चालू करा आणि दुसरी पिन खाली येते का ते बघा. ईसीयू पल्स देत, म्हणजे भराभर चालू-बंद करत असेल, तर मीटर शून्य आणि बाराच्या मधला आकडा दाखवेल, तो दोष नाही.

ओहम मोजून वायर पास करू नका. सात तारांच्या वायरमधली एक तार शिल्लक असली तरी मीटर जवळपास शून्य दाखवतो, कारण मीटरचा करंट अगदी नगण्य असतो. खरी परीक्षा लोड टाकून, म्हणजे वायरमधून खरा करंट वाहवून करायची. सर्किट चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजा, ०.१ पेक्षा जास्त असेल तर अर्थ साफ करा. सोलेनॉइडची सप्लाय वायर दोन्ही टोकांनी सुटी करून तिच्यातून २१ वॅटचा बल्ब पेटवून बघा. बारा व्होल्टला तो पावणेदोन अँपिअर ओढतो, कुजलेली वायर लगेच उघडी पडते. ईसीयूच्या पिनांवर बल्ब लावायचा नाही, ईसीयूच्या आतला ड्रायव्हर (अर्थ चालू-बंद करणारा भाग) जळेल.

जनरेटरवाल्यांसाठी एक गोष्ट. डिझेल चालू-बंद करणाऱ्या फ्युएल शट-ऑफ सोलेनॉइडमध्ये ओढणारी कॉइल क्षणभर कित्येक अँपिअर घेते, धरून ठेवणारी एखादाच अँपिअर. ज्यात कॉइल बदलणारा स्विच आतच असतो, त्याचा प्लंजर (आतला दांडा) शेवटपर्यंत जायलाच हवा. प्लंजरला जोडलेलं लिंकेज अडलं तर ओढणारी कॉइल चालूच राहते आणि जळते. नवा सोलेनॉइडही जळला, तर आधी लिंकेज आणि वायरची जाडी बघा. बारीक वायरमुळे व्होल्टेज पडून प्लंजर अर्ध्यातच थांबतो.

खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आपल्याकडे तांबं लवकर हिरवं पडतं. वायरला सुई टोचून मोजलं, तर त्याच भोकातून पाणी शिरतं आणि आतल्या आत सरकत कपलरपर्यंत जातं. मोजायचं तर कपलरच्या मागून, सीलच्या कडेने, बारीक पिन घालून. मीटरचा जाड प्रोब फिमेल टर्मिनलमध्ये खुपसू नका, ते रुंद होतं आणि मग फॉल्ट खड्ड्यात गाडी आपटली की येतो.

जोड देताना पिळून टेप गुंडाळू नका. क्रिंप करून (नळी दाबून) आतून गोंद असलेली हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा, शेजारच्या वायरींचे जोड मागेपुढे ठेवा. क्रँक सेन्सरच्या पिळलेल्या दोन वायरींचा पीळ तसाच ठेवा आणि त्यांच्यावरचं शील्डही (जाळीचं आवरण) जोडा. इंजिन गरम झाल्यावर हार्नेस हाताने हलवत लाइव्ह डेटा पुन्हा बघा, मगच गाडी सोडा.