रॅश म्हणजे वेगात नव्हे

मंडळी, अपघाताची फिर्याद ज्यांनी कधी वाचली असेल, त्यांना हे वाक्य पाठच असेल. 'आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून...' आडगावला लिहा, इगतपुरीला लिहा, वाक्य तेच. तुम्ही हसताय, पण मला हे वाक्य मनापासून आवडतं. इंग्रजी कायद्यातले दोन शब्द, 'रॅश' आणि 'नेग्लिजंट'. एकाला अविचार, दुसऱ्याला हयगय. कुणा हवालदारानं की कारकुनानं हे पहिल्यांदा लिहिलं ते माहीत नाही, पण त्याचा कान तयार होता. भल्याभल्या कोशांत हा फरक इतका स्वच्छ सापडत नाही.

मात्र पुढचं 'भरधाव वेगात' हे आपण आपल्या पदरचं घातलं. १८६०च्या दंडसंहितेतलं २७९ कलम काढून बघा, तिथं वेगाचा उल्लेख नाही. १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली, कलमाचा आकडा २८१ झाला, तरी वेग आला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ साली कर्नाटकातल्या एका खटल्यात सांगितलं की ट्रक जोरात होता एवढ्यावरून चालक रॅश ठरत नाही. आज मी इथं आलो तो एवढ्याचसाठी. इंग्रजीत घाईचे आठ-दहा शब्द आहेत आणि आपण सगळ्यांना 'घाई' किंवा 'उतावळेपणा' म्हणून मोकळे होतो. तो प्रत्येक शब्द वेगळ्या चुकीकडे बोट दाखवतो.

रॅश म्हणजे काय, हे १८७२ साली मद्रास उच्च न्यायालयानं फार नीट सांगून ठेवलंय. माझ्या शब्दांत सांगतो: वाईट होऊ शकतं हे माणसाला दिसत असतं, पण होणार नाही अशा आशेवर तो ते करतो, तो रॅश. ज्याला ते दिसलंच नाही, पण दिसायला हवं होतं, तो नेग्लिजंट.

आपल्या भाषेत बोलू. इथं निम्म्या लोकांच्या घरी द्राक्षबाग आहे, निम्म्यांच्या सासुरवाडीला. द्राक्ष वेलीवरून एकदा उतरवलं की पुढं पिकत नाही. आंब्यासारखी अढी घालायची सोय नाही. आता आभाळ भरून आलंय, गारांची भीती आहे, म्हणून एकानं चार दिवस आधी माल काढला. तो 'हेस्टी'. त्याच्याकडे वेळ नव्हता. दुसऱ्यानं शुगर तपासलीच नाही, तो नेग्लिजंट. तिसऱ्यानं तपासली, गोडी उतरलेली नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी 'चालून जाईल' म्हणून पेट्या भरल्या. तो रॅश. त्यानं भले सावकाश, दिवसभर बसून पेट्या भरल्या असतील. आणि चौथा, ज्याला गोडी असो-नसो, व्यापारी बुडो-तरो, काहीच वाटत नाही, तो 'रेकलेस'. यातला 'रेक' म्हणजे जुन्या इंग्रजीत काळजी, पर्वा. रेकलेस म्हणजे बेपर्वा.

चौघांचीही द्राक्षं आंबटच. पण चौघांना एकच शिवी देऊन चालेल का? माझं म्हणणं, नाही चालणार. आणि हे म्हणणं पुस्तकातून आलेलं नाही.

माझा सख्खा भाचा इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. नाव घेत नाही. रात्रपाळी. एका यंत्रातून त्याला घरघर ऐकू आली, नेहमीपेक्षा वेगळी. सुपरवायझर दुसऱ्या शेडमध्ये गेलेला. यानं कुणाला न विचारता लाइन बंद केली. दोन तास उत्पादन थांबलं. तपासणीत निघालं की बेअरिंग झिजायला लागलं होतं, पण सकाळपर्यंत टिकलं असतं. सुपरवायझर भला माणूस. त्यानं इंग्रजीत अहवाल दिला, त्यात याच्या निर्णयाला शब्द वापरला 'हेस्टी'. विचारायला हवं होतं, पाच मिनिटं थांबायला हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ. मला तो शब्दही थोडा जड वाटतो, पण अन्याय्य नाही वाटत.

पुढं चौकशीचे कागद मराठीत झाले. भाषांतर करणाऱ्यानं 'हेस्टी'चं केलं 'बेजबाबदारपणे'. बघा काय झालं ते! हेस्टी हा एका कृतीला, एका रात्रीला लागणारा शब्द आहे. बेजबाबदार हा माणसाला चिकटतो. चौकशी समितीनं फक्त मराठी कागद वाचला आणि याची वेतनवाढ रोखली. तो माझ्याकडे आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मामा, मी बेजबाबदार आहे का हो?" ज्या पोरानं आवाज ऐकून यंत्र वाचवायला हात घातला, कारखान्याची सर्वांत जास्त काळजी त्या रात्री ज्यानं केली, त्याला काळजी नसलेला म्हणायचं. नेमकं उलटं.

आम्ही अपील लिहिलं. तीन पानी. एक पूर्ण पान मी फक्त या दोन शब्दांवर खर्च केलं. हे सगळं त्याची आई, माझी धाकटी बहीण, स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "दादा, एका शब्दासाठी इतकं?" मी म्हटलं, "अगं, शिक्षा त्या शब्दालाच झालीये." चार महिन्यांनी उत्तर आलं, नोंद कायम. वर्षभरात त्यानं नोकरी सोडली. आज बाहेरगावी चांगला आहे, पण ती नोंद मला अजून सलते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, पाच. मग मुख्य यादी भरभर घेतो, विषय तर हाच जाहीर केला होता.

'इम्पेच्युअस'. मुळात लॅटिनमधला 'इम्पेटस', म्हणजे हल्ला, मुसंडी. इथं वेळेची कमतरता नाही, मनाचा जोर आहे. तरुणाला इंग्रजीत इम्पेच्युअस म्हणताना थोडं कौतुकही असतं. त्याला आततायी म्हणू नका. मूळ संस्कृतात आततायी म्हणजे मारायला धावून आलेला. उसळत्या रक्ताचा म्हणा.

'प्रेसिपिटेट'. यात डोकं आहे, 'कापुट'. डोकं पुढं करून कड्यावरून खाली. रसायनशास्त्रात तळाशी बसणाऱ्या साक्यालाही हाच शब्द, पावसालाही हाच. म्हणजे यात घाईपेक्षा कोसळणं महत्त्वाचं, मागं फिरता येत नाही. 'हेडलाँग'चंही तेच, फक्त घरगुती इंग्रजीत.

'फूलहार्डी'. यातला 'हार्डी' म्हणजे धीट. वेडा धीट. इथं आपला 'साहस' शब्द आठवा. मनुस्मृतीतल्या वादाच्या अठरा विषयांत साहस आहे, म्हणजे बळजोरीचा गुन्हा. आज आपण साहसी मुलांना बक्षीस देतो. शब्द गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून उठून व्यासपीठावर आला.

आणि घाईला दोष न देणारे शब्दही आहेत, ते विसरू नका. 'एक्स्पिडाइट'मध्ये 'पेड' म्हणजे पाय. अडकलेला पाय मोकळा करणं. सरकारी फायलीवर हा शब्द दिसला की मला तो पाय दिसतो. 'स्पीड'चा जुना अर्थ तर यश, भरभराट असा होता. 'मोअर हेस्ट, लेस स्पीड' ही म्हण त्या अर्थानं वाचा, मग तिच्यातला विरोध उकलतो. घाई जास्त, हाती लागणं कमी.

शेवटचा एक, हा मला सोडवत नाही. 'टेमेरिटी'. आपण भाषांतर करतो उद्धटपणा, हिंमत. लॅटिनमधल्या 'टेमेरे'वरून आलाय, आंधळेपणानं या अर्थी. अभ्यासक त्याचं नातं संस्कृत 'तमस्'शी जोडतात. अंधारात टाकलेलं पाऊल. माझ्या भाच्यानं त्या रात्री लाइन बंद केली, तेव्हा शेडमधले सगळे दिवे चालू होते आणि तो यंत्राकडे बघत होता.